दाराकडची बाजू

प्रभा : नऊशे ग्रॅम? ही?

कीर्तीभाई : वाचा ना बेन. कंपनीने छापलंय, मी नाय लिहिलं.

प्रभा : छापणाऱ्याचं काय जातं? ही साडेअकराशेच्या खाली नाही.

कीर्तीभाई : नुसती हातात धरून सांगता?

प्रभा : वीस वर्षं तलासरीच्या पोस्टात पार्सलं घेतेय. आधी माझा हात सांगतो, मग काटा सांगतो.

कीर्तीभाई : साहेब, तुम्ही दोघं वजनमापवाले तर नाय ना? असाल तर आत्ताच सांगून टाका. चहा मागवतो.

विष्णू : नाही हो. मी मास्तर आहे, झरीच्या शाळेत. हिला सवयच आहे. वस्तू हातात आली की आधी संशय घ्यायचा.

प्रभा : वस्तूवरच नाही घेत.

विष्णू : दुकानात नको, प्रभा.

कीर्तीभाई : बरं, स्लीपिंग बॅग घेऊन जायचं कुठे? मनाली? केदारनाथ? म्हणजे त्या हिशेबाने दाखवतो.

प्रभा : अंगणात.

कीर्तीभाई : कुठे?

प्रभा : आमच्याच. ओट्यापासून दहा पावलं. चिकूच्या झाडाखाली तंबू ठोकलाय, माझ्या भावाने दिलेला.

कीर्तीभाई : अरे, ते भूकंपाचे हादरे! तेच म्हणतो, नवीन वर्ष लागल्यापासून तलासरीची माणसं माझ्याकडे काय ताडपत्री मागतात, काय बॅटरी मागतात. इथे डहाणू रोडलापण परवा शोकेसच्या काचा वाजल्या. माझी बायको अजून घरात झोपते, पण चप्पल घालून.

प्रभा : आमच्याकडे नोव्हेंबरपासून चाललंय. दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली. घरात डोळा लागत नाही आणि बाहेर थंडी. ब्लँकेटं सकाळी पिळावी लागतात, एवढं दव.

कीर्तीभाई : मग ही जुओ, बघा तर. बदकाची पिसं आहेत आत. मुठीत मावते, वजन नाय, आणि गरम तर अशी की जानेवारीत घाम येईल.

प्रभा : पिसं भिजल्यावर?

कीर्तीभाई : भिजवायची नाय, बेन.

प्रभा : ते दवाला सांगा. दुसरी दाखवा.

कीर्तीभाई : तुम्ही फार कडक. बरं, ही फायबरची, तुमच्या हातात आहे तीच. ओली झाली तरी ऊब सोडत नाय, उन्हात टाकली की तासाभरात सुकते. पाच डिग्रीपर्यंत चालते.

विष्णू : आमच्याकडे बाराच्या खाली क्वचितच जातं.

कीर्तीभाई : मग तर राजासारखे झोपाल. आणि यांची जोडी येते. एकीची चेन डावीकडे, दुसरीची उजवीकडे. मधल्या दोन चेनी एकमेकींत घातल्या की दोघांना मिळून एकच मोठी बॅग. खास नवराबायकोसाठी. एकाची ऊब दुसऱ्याला.

विष्णू : नको.

कीर्तीभाई : नको?

विष्णू : जोडायच्या नाहीत. दोन वेगळ्या द्या, दोन्ही उजव्या चेनच्या.

प्रभा : का?

विष्णू : असंच. मोकळं झोपता येतं.

प्रभा : बावीस वर्षं एका गादीवर झोपलात. तेव्हा अडचण झाली नाही, आणि आता मोकळं पाहिजे?

विष्णू : प्रभा, साधी चेन आहे ती.

प्रभा : साधी आहे ना? मग मघापासून डोळे मिटून काय चाललंय त्या चेनचं? वर खाली, वर खाली. सात वेळा झालं. मी मोजतेय.

विष्णू : अडकते का, ते बघत होतो.

प्रभा : जी बघताय ती माझ्या हातातली, माझी. तुमची तर अजून घडीसुद्धा मोडलेली नाही. स्वतःची का नाही बघितलीत?

विष्णू : बघेन ना.

प्रभा : आणि आठवड्यापासून माझं अंथरूण तंबूच्या दाराकडे का सरकलंय? आधी तिथे तुम्ही झोपायचात. सगळं दव तिथे, शेजारचं कुत्रं हुंगून जातं तिथे. मला दारात टाकून तुम्ही आत उबेला. मला काय कळत नाही असं वाटतं?

कीर्तीभाई : मी काय म्हणतो, बेन, वजनाचा निकालच लावू. समोर चिकूच्या वखारीत काटा आहे. मी करून आणतो, तोवर तुम्ही दोघं आरामात बघा.

(कीर्तीभाई बॅग काखोटीला मारून रस्ता ओलांडतो. दुकानात दोघंच.)

विष्णू : बिचारा पळाला.

प्रभा : पळणाऱ्याला तुम्ही नावं ठेवू नका.

विष्णू : झालं? महिनाभर हेच वाक्य तोंडात धरून बसली होतीस ना?

प्रभा : मी गप्प बसले म्हणून विसरले असं नाही. पहाटेची वेळ. फळीवरची भांडी खाली आली, भिंत कडकडली. मी हाक मारली, "अहो!" हात टाकला तर गादी रिकामी. काळोखात दाराची कडी माझी मी शोधली. बाहेर येते तर तुम्ही चिकूखाली उभे. छातीशी काय? तुमच्या आईची गोधडी! बायको आत आणि गोधडी बाहेर.

विष्णू : प्रभा...

प्रभा : समोरची संगिता अजून हसते. "मास्तरांनी सासूबाईंची आठवण वाचवली हो," म्हणते. मीही हसते तिच्याबरोबर. मग घरात येऊन पदर डोळ्यांना लावते. तुम्हाला दिसलं नसेल.

विष्णू : दिसलं.

प्रभा : दिसलं आणि तरी गप्प राहिलात. आता ऐका, आज मी इथे का आलेय ते. पर्समध्ये बदलीचा अर्ज आहे. डहाणूला. वर्षाकडे राहीन, बहीण नाही म्हणायची नाही. सही तेवढी बाकी आहे. मनात म्हटलं होतं, जोडीच्याही बॅगा मिळतात, बघू या, माणूस कुठली मागतो. जोडायची म्हणाला असतात तर तो अर्ज इथेच फाडणार होते. तुम्ही पहिला शब्द काढलात, "नको".

विष्णू : वेगळी तुझ्यासाठी मागितली.

प्रभा : माझ्यासाठी! वा!

विष्णू : जोडलेल्या बॅगेतून मी उठलो, तर तू गुंतशील. वेगळी असली की तुझी तू निघशील. म्हणूनच चेन तपासत होतो, काळोखात एका हाताने उघडते की नाही. अंथरूण दाराकडे सरकवलं ते त्यासाठीच. हललं की तू आधी बाहेर. माझी वाट बघायला नको, मला हाक मारायला नको. माझ्या भरवशावर तू राहू नयेस म्हणून.

प्रभा : असं कोण नवरा बोलतो?

विष्णू : ज्याला स्वतःचा भरवसा उरला नाही, तो.

प्रभा : गोल गोल बोलू नका. शाळेत पोरांना सांगता तसं सरळ सांगा.

विष्णू : मी गोधडी वाचवायला गेलो नव्हतो. मी तुला उचललं होतं.

प्रभा : काय?

विष्णू : तुला पहाटे उकडतं. तू गोधडी लोटून भिंतीकडे सरकतेस. गोधडीचा ढीग माझ्या बाजूला पडला होता, तुझ्या पाठीएवढा. घर हललं तसा मी तो ढीग कवेत घेतला आणि निघालो. मला वाटलं, तूच आहेस.

प्रभा : काहीतरीच! चार किलोची गोधडी आणि अठ्ठावन्न किलोची बायको. फरक कळला नाही?

विष्णू : तुझे हात काट्याचे आहेत. माझे खडूचे. आणि लग्नाला बावीस वर्षं झाली, तुला उचलून कधी बघितलंय मी? मला काय माहीत तू किती भरतेस!

प्रभा : हसवू नका. मी हसणार नाहीये.

विष्णू : मी हसवत नाहीये.

प्रभा : मग हे त्याच पहाटे का नाही सांगितलंत? सगळ्या आळीसमोर सांगायचं होतंत. संगिताचं तोंड बंद झालं असतं. महिनाभर गोष्ट रचायला लागला का?

विष्णू : अर्धीच सांगता आली असती म्हणून नाही सांगितलं.

प्रभा : अजून अर्धी कुठली?

विष्णू : उंबरठ्यावर कळलं मला.

प्रभा : काय कळलं?

विष्णू : की हातात तू नाहीस. पाय बाहेर टाकायच्या आधी कळलं. हाक ऐकली तुझी, मागून आली. चार पावलं होती, प्रभा. चारच. मागे वळायचं होतं आणि पाय वळले नाहीत. ते पुढेच गेले, झाडापर्यंत. तुला घ्यायला माझे हात गेले होते, हे खरं. पाय परत आले नाहीत, हेही खरं. आता कुठलं तुला सांगायचं, ते महिनाभर ठरत नव्हतं.

प्रभा : थांबा. मला विचार करू द्या.

विष्णू : खोटं वाटतंय?

प्रभा : तेच तपासतेय. खोटंच बोलायचं असतं, तर झाडाखाली पोचल्यावर कळलं, असं सांगितलं असतंत. तेवढ्यावर मी विश्वास ठेवला असता, वर रडलेही असते. उंबरठा मधे आणायची काही गरज नव्हती.

विष्णू : नव्हती.

प्रभा : खोटं बोलणारा माणूस स्वतःला उंबरठ्यावर उभं करत नाही. रोज खिडकीवर बघते मी. पार्सलात काय आहे विचारलं की खोटारडे लगेच सांगतात, "काही नाही, कपडे." खरं बोलणारा अडखळतो.

विष्णू : मग अर्ज?

प्रभा : राग गेलाय असं समजू नका. ती चार पावलं मी विसरणार नाही.

विष्णू : मीही नाही.

प्रभा : पण हात गेले होते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. महिनाभर मी रोज पडल्या पडल्या एकच हिशेब करत होते, की या माणसाला आपण आठवलोच नाही. साधी आठवणसुद्धा झाली नाही. तेवढंच खुपत होतं हो. पळण्याचं काय, सगळेच पळाले.

कीर्तीभाई (परत येत) : बेन! अकराशे साठ! वखारवाल्याने दोनदा वजन केलं. मी म्हटलं, तुझा काटा खराब, तर तो माझ्याशी भांडायला उठला.

प्रभा : साडेअकराशे म्हटलं होतं मी.

कीर्तीभाई : तुमचा हात म्हणजे कमाल! कंपनीने वरची पिशवी धरली नसेल. चार वर्षं मी गिऱ्हाइकाला नऊशे सांगतोय. आता काय करू?

प्रभा : खरं लिहून लावा. गिऱ्हाईक तरीही घेतं. फसवलंय असं वाटलं तरच जातं.

कीर्तीभाई : लिहितो, आत्ताच लिहितो. कागद कुठे गेला... साहेब, कोरा कागद आहे का?

प्रभा : हा घ्या. मागची बाजू कोरी आहे.

विष्णू : प्रभा, हा तर...

प्रभा : मला दिसतंय तो काय आहे. लिहा हो कीर्तीभाई, ठळक लिहा.

कीर्तीभाई : अकराशे... साठ. हं. आणि तुम्हाला त्या दोन द्यायच्या, दोन्ही उजव्या, बरोबर?

प्रभा : नाही. एक डावी, एक उजवी. जोडायच्या.

कीर्तीभाई : साहेब तर मघाशी...

प्रभा : साहेबांना विचारू नका. आणि दाराकडे तेच झोपणार, मला दव सोसत नाही.

विष्णू : आणि मी पुन्हा पळालो तर?

प्रभा : पळा की. चेन लावलेली असेल, मी मागोमाग फरफटत येईन. अठ्ठावन्न किलो. या वेळी उंबरठ्याच्या आधीच कळेल.