वरच्या मजल्यावरचा गॅस

विक्रेता : ...म्हणजे वर पाच शेगड्या, खाली दोन ओव्हन, आणि हे सगळं मिळून एकच यंत्र. रेंज कुकर म्हणतात याला.

थोरली जाऊ : कुकर म्हटलं की मी आपली शिट्टीची वाट बघत बसणार.

विक्रेता : याला शिट्टी नाही, काकू. मॅडम, तुम्ही इकडून बघा, दार उघडून.

थोरली : ही मॅडम आणि मी काकू? अहो, जावा आहोत आम्ही. मी थोरली, ही धाकटी. पण मध्ये काही पिढी गेलेली नाही.

विक्रेता : चुकलं. दोघीही मॅडम. घर नवीन वाटतं?

धाकटी जाऊ : नवीनच. दोघा भावांनी मिळून बांधलंय. निजायच्या खोल्या वर-खाली आहेत, पण स्वयंपाकघर एकच, खाली.

विक्रेता : मग हाच घ्या. जेवणारी माणसं किती?

थोरली : मोठी पाच, लहान तीन. त्या पलीकडचा सहा शेगड्यांचा आहे ना, तो दाखवा.

धाकटी : सहा कशाला, ताई? आपल्या दोघींचे मिळून हात चार.

थोरली : हात चार असले तरी पातेली मोजून येत नाहीत.

विक्रेता : तो आहे दणकट, पण त्याला ओव्हन एकच. मोठा.

धाकटी : मला दोन लागतील. शुक्रवारी माझ्या केकच्या ऑर्डरी असतात. ओव्हन एकच असला तर त्या दिवशी घरासाठी काही भाजता यायचं नाही.

थोरली : हिच्या हातचा केक आमच्या गल्लीतसुद्धा यायचा. लोक येऊन मला सांगायचे, तुमच्या जावेचा केक खाल्ला म्हणून. मी म्हणायची, हो का, छान.

धाकटी : तुम्ही कधी मागवला नाहीत.

थोरली : घरच्या माणसाला ऑर्डर कशी द्यायची, ते मला काही सुचलं नाही बाई.

विक्रेता : बटणं बघून घ्या. सगळी पुढच्या बाजूला आहेत. लहान मुलं असतील तर ही अशी आत दाबल्याशिवाय फिरत नाहीत.

धाकटी : मुलांचं नाही मला तेवढं. सासरे आहेत आमचे. पहाटे उठून स्वतःचा चहा स्वतः करतात. कधीकधी गॅस चालू करतात आणि पेटवायचं विसरतात.

विक्रेता : मग हे बघा. ज्योत लागलीच नाही, किंवा वाऱ्यानं विझली, तर गॅस आपोआप बंद होतो. थांबा, फुंकर मारून दाखवतो. ...ऐकलंत? टक्.

थोरली : पुन्हा दाखवा.

विक्रेता : टक्.

थोरली : सगळ्या शेगड्यांना आहे हे? का नुसतं पुढच्या एकीला, आम्हाला दाखवायला?

विक्रेता : पाचही शेगड्यांना आहे. त्या सहावाल्याला मात्र नाही, तो जुन्या पद्धतीचा आहे.

धाकटी : मी तर म्हणत होते, सकाळी आपण उठेपर्यंत गॅस मागूनच बंद ठेवायचा. चहा काय, मी करून देईन.

थोरली : नको. त्या माणसाला दिवसभरात दुसऱ्या कुणी सांगितल्याशिवाय करण्यासारखं तेवढं एकच उरलंय. ते काढून नको घ्यायला.

धाकटी : बरं. नाही काढत.

विक्रेता : मग पाचवाला धरू? बसवायच्या आधी एक विचारतो. घरात गॅसचे पॉइंट किती काढलेत? एकच ना?

थोरली : एकच.

धाकटी : दोन.

विक्रेता : नाही, दोन असले तरी हरकत नाही. फक्त हे बसणार कुठे, तेवढंच...

धाकटी : हे खालीच बसणार. दुसरा पॉइंट वर आहे. जिन्याशेजारच्या खोलीत. हो ना, ताई?

थोरली : तुला कोणी सांगितलं?

धाकटी : पाइपवाल्यानं. तुमचा फोन लागेना म्हणून त्यानं मला केला. "वहिनींनी वरचा पॉइंट सांगितलाय, तो खिडकीखाली काढू की भिंतीला?" मी म्हटलं, त्यांनाच विचारा. मला काही ठाऊक नाही.

थोरली : कधीची गोष्ट?

धाकटी : मागच्या आठवड्यातली.

थोरली : आणि तू आठवडाभर गप्प?

धाकटी : तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली.

विक्रेता : मी जरा मापाची टेप घेऊन येतो. बसा तुम्ही. खुर्च्या आहेत तिकडे.

(विक्रेता जातो. दोघी त्या पाच शेगड्यांसमोर उभ्याच राहतात.)

धाकटी : मला राग आलेला नाही, ताई. खरं सांगते. वाईट वाटलं. अजून भिंतींना रंग लागायचाय, आणि त्याआधीच माझी चूल वेगळी मांडायची सोय झाली, असं वाटलं.

थोरली : तुझी?

धाकटी : मग कुणाची? मागच्या वेळी कोण गेलं घरातून?

थोरली : तू गेलीस. पोर कडेवर, खांद्यावरच्या पिशवीत दुधाच्या बाटल्या. दोन शेगड्यांचं घर होतं ते. एकीवर माझं मोठं पातेलं, दुसरीवर तुझ्या दिराचं आंघोळीचं पाणी, आणि तू दूध तापवायला ताटकळत उभी.

धाकटी : ते भांडण शेगडीवरून नव्हतं, ताई.

थोरली : ते कळतं मला. पण शेगड्या कमी होत्या, हेही खोटं नाही ना?

धाकटी : म्हणून सहावाला बघत होतात?

थोरली : म्हणूनच. जास्तीची एक असावी. कुणाला उभं राहायला लागू नये.

धाकटी : आणि वरचा पॉइंट?

थोरली : तो माझ्यासाठी आहे.

धाकटी : म्हणजे?

थोरली : म्हणजे असं, की उद्या पुन्हा नाहीच जमलं आपलं... भांड्याला भांडं लागणार, ते वेगळं. ते मी धरतच नाही. पण नाहीच जमलं, तर या वेळी तू नाही जायचंस. मी जाईन. वर. एक छोटी शेगडी ठेवीन, आमच्यापुरतं शिजवीन. तू खाली राहा, बाबांजवळ.

धाकटी : तुम्ही ठरवलंत हे? एकटीनं?

थोरली : तुझ्या दिरांनाही सांगितलेलं नाही. ते म्हणाले असते, नाट लावू नकोस.

धाकटी : आणि गुडघे? तो जिना दिवसातून चार वेळा चढणार तुम्ही?

थोरली : जिना चढता चढता राग उतरेल. अर्ध्यावरूनच परत येईन बहुतेक.

धाकटी : हसू नका. मला रडू येतंय.

थोरली : दुकानात नको. तो मुलगा घाबरून भाव कमी करेल.

धाकटी : करू दे की.

थोरली : हं. आता कशी शुद्धीवर आलीस.

धाकटी : ताई, बाबांचं काय होत होतं, ते तुम्हाला माहितीये ना? एक महिना तुमच्याकडे, एक महिना आमच्याकडे. मागे एकदा रात्री मध्येच उठले, आणि आमच्या कपाटाचं दार उघडून आत पाय टाकायला लागले. तुमच्याकडे तिथे न्हाणीघर आहे. मी हात धरला तर मला विचारतात, "सूनबाई, या महिन्यात मी कुणाकडे आहे?"

थोरली : माझ्याकडे असताना चपला उशाशी घेऊन झोपायचे. म्हणायचे, निघायला उशीर नको.

धाकटी : हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

थोरली : कुणाला सांगायचं? तू सणाला... जाऊ दे. तू यायचीस ती उंबऱ्यातल्या उंबऱ्यात, बाबांची पिशवी घ्यायला.

धाकटी : तुम्ही आत ये म्हणाला नाहीत.

थोरली : तू चप्पल काढली नाहीस.

धाकटी : बरं, एक सांगू? ओरडू नका.

थोरली : सांग.

धाकटी : माझी जुनी शेगडी मी विकली नाही. यांना सांगितलं विकली म्हणून. आईच्या माळ्यावर ठेवलीये. कापडात बांधून.

थोरली : कशाला?

धाकटी : तुम्ही पॉइंट काढलात ना, त्याच कारणानं. फक्त मी जिन्यापर्यंतच थांबणार नव्हते. तुमच्यापेक्षा लांब जायच्या तयारीत होते.

थोरली : अगं बाई! म्हणजे दोघी एकमेकींना घर दाखवत हिंडतोय, रंग निवडतोय, आणि दोघींचं एकेक पाऊल दाराबाहेर!

धाकटी : तुमचं जिन्यावर.

थोरली : हो, जिन्यावर. मग आता? पाइपवाल्याला नको म्हणून सांगू?

धाकटी : नको. राहू दे.

थोरली : राहू दे?

धाकटी : टोपण लावून बंद करून ठेवायला सांगा. असू दे तो तिथे. जायला वाट आहे हे माहीत असलं की माणूस जरा निवांत बसतो. मी तरी बसेन.

थोरली : आणि तुझी माळ्यावरची?

धाकटी : ती खरंच विकते. आईलाही जागा हवीये माळ्यावर.

थोरली : विकू नको. कुणाला तरी देऊन टाक. नवा संसार मांडणारं कुणीतरी असेलच की.

विक्रेता : आणली टेप. झालं का बोलणं? म्हणजे, ठरलं का?

थोरली : ठरलं. हा पाचवाला. दोन ओव्हनचा.

धाकटी : ताई, सहावी शेगडी?

थोरली : पाचात भागवू. कुणाचं पातेलं मोठं असेल तर तिनं ते उतरवायचं. मी धरून.

विक्रेता : रंग? काळा आहे, पांढरा आहे, हा दुधी हिरवासुद्धा आहे.

धाकटी : पांढऱ्यावर डाग दिसतील.

थोरली : दिसले तर पुसता येतात. काळ्यावर असतात, पण कळत नाहीत.

धाकटी : मग पांढरा.

विक्रेता : छान. सोमवारी माल पोचेल. आमचा माणूस येऊन बसवून देईल आणि कसं चालवायचं तेही शिकवेल. साधारण तासभर लागतो. कुणाला शिकवायचं तेवढं सांगा, म्हणजे त्या घरी थांबतील.

थोरली : दोघींना एकदम शिकवायला सांगा. नंतर एकीनं दुसरीला शिकवायला नको.

धाकटी : आणि सावकाश शिकवू दे त्याला. आम्हाला घाई नाही.