छत्रीच्या कापडाचा पोशाख

धबधब्याखालच्या तळ्याकाठी कपडे बदलायच्या खोलीबाहेर रांग होती. नर्सबाई टॉवेल छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांच्या पुढे छत्र्या शिवणाऱ्या सासू-सुना होत्या; सासूच्या अंगावरचा काळा पोशाख अजून निथळत होता.

“आई, चुकलंच माझं. म्हटलं, छत्रीचं उरलेलं कापड भिजून अंगाला चिकटणार नाही.”

“नाहीच गं चिकटलं.”

“पण आत हवा भरेल हे डोक्यातच आलं नाही. सगळं तळं तुमच्याकडे बघत होतं.”

“बघेना का. उघडी छत्री पाण्यात पडल्यासारखी दिसत असेन.”

“ते आजोबा तर हसून हसून खोकायला लागले.”

“त्यांना दुकानाचा पत्ता द्यायचा होतास.”

“चेष्टा नको. आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात उतरलात आणि मी तुमचं हसं केलं. आता पुन्हा पाण्याचं नाव काढणार नाही तुम्ही.”

सासू पोशाखाची कड पिळू लागली. नर्सबाईंनी उगाच टॉवेलाची घडी बदलली.

“थांबा, पर्समध्ये कात्री आहे. कडेला भोकं पाडते, हवा निघून जाईल. मग उतराल ना?”

“ठेव ती कात्री आत.”

“रागावलात?”

“अगं, हवा काढलीस तर मी तरंगू कशी? मला पोहता कुठं येतं? पार धबधब्याच्या तुषारांपर्यंत गेले होते मी.”

“मग रांगेत कशाला उभ्या राहिलात?”

“तू ओढत आणलंस म्हणून. चल, ऊन आहे तोवर. आणि पुढचा शिवशील ना, तेव्हा घेर जरा वाढव.”