तेलाची बाटली

आई : एवढंच? अर्ध्या पानात उरकलंत?

बाबा : समिती प्रत्येकाला पाचच मिनिटं देणार. गांजाला औषध म्हणून परवानगी द्यावी की नाही, तेवढंच सांगायचंय. आपली ठकी कशी होती, हे ऐकायला वेळ कुणाला?

आई : वाचा तरी.

बाबा : "आमच्या मुलीला दिवसाला तीस-तीस झटके यायचे. सगळी औषधं करून झाली. मग ओळखीच्या एकाने गांजाचं तेल आणून दिलं. जिभेखाली दोन थेंब. महिन्याभरात झटके दोन-तीनवर आले. सहा वर्षांची पोर पहिल्यांदा स्वतःच्या हाताने जेवली."

आई : सगळं अंगावर सांडायची, पण मला भरवू द्यायची नाही. तेही लिहा.

बाबा : लिहितो.

आई : आणि तुमच्या धाकट्या भावाचं? त्याच झाडापायी त्याचं वाटोळं झालं. नोकरी गेली, डोकं फिरलं. ते दडपणार?

बाबा : नाही. म्हणूनच तर म्हणतोय, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, दुकानात, थेंब मोजून मिळू दे. आपण जीव मुठीत धरून गॅरेजमागच्या बोळातून आणायचो, तसं नको.

आई : पुढे वाचा.

बाबा : "एक दिवस बाटली हातातून पडून फुटली. दुसरी मिळायच्या आत, अकराव्या दिवशी, मुलगी गेली."

आई : पडली नव्हती.

बाबा : राहू दे ना आता.

आई : ऐका हो. जिन्यात पोलिसांचे बूट वाजले. मला वाटलं, आपल्याकडेच येतायत. तुम्हाला आत टाकतील, ठकीला माझ्याकडून काढून घेतील. मी सगळं तेल बेसिनमध्ये ओतलं. मग बाटली फोडली, तुम्हाला दाखवायला. ते वर आलेच नाहीत. खालच्यांची सायकल चोरीला गेली होती, त्याची चौकशी करून निघून गेले.

बाबा : मला माहीत आहे.

आई : काय माहीत आहे?

बाबा : फरशीवर तेलाचा टिपूस नव्हता. आणि बेसिनला चार दिवस वास येत होता.

आई : दोन वर्षं माहीत होतं? आणि एका शब्दाने बोलला नाहीत? भांडायचं तरी होतंत माझ्याशी!

बाबा : कशावरून भांडू? त्या दिवशी मी घरी असतो, तर मीही ओतलं असतं.

(ती कागदावरच्या 'पडून फुटली' या शब्दांवर बोट ठेवते.)

आई : ती ओळ खोडा.

बाबा : अगं, लोक तुलाच बोल लावतील.

आई : लावू देत. मी विष नाही ओतलं, लेकीचं औषध ओतलं. का ओतलं, तेही त्यांना कळू दे. झटक्यांचं तुम्ही सांगा. तेवढं मी सांगते.

बाबा : इतक्या माणसांसमोर जमेल तुला?

आई : नाही जमणार बहुतेक. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा.