कुमुद पोचेपर्यंत केर नाही

चंपतराव : अवं, झाडू कुठं लपवला तू?

लक्ष्मीबाई : लपवला नाई, आडोशाले ठेवला. पोरगी पोचल्याचा निरोप येऊ द्या, मंग काढीन केर.

चंपतराव : माणूस गावाले निघालं की लगेच झाडू नाई, हे मलेबी मालूम हाय. पण ते नागपूरले जाणाऱ्यासाठी. सकाळी गेला, दुपारी पोचला, संध्याकाळी झाडलं. कुमुद शिकागोले जावयापाशी गेली. तीन दिवस झाले घर तसंच. ओसरीत भरलेला कापूस उडून राह्यला, धोतर पांढरं हाय का मळकं तेबी समजत नाई.

लक्ष्मीबाई : किती दूर म्हणता ते?

चंपतराव : कितीक डाव सांगू? मुंबईहून तेरा हजार किलोमीटर.

लक्ष्मीबाई : नागपूर सव्वादोनशे. त्याले बसनं पाच घंटे लागते. मंग...

चंपतराव : बसचा हिशोब लावू नको. तसा लावला तं बारा दिवस केर नाई निघाचा. विमान हाय ते. मधी लंडनले थांबते, सारं धरून एक दिवस. लंडन तं कवाच आलं असन. झाड आता.

लक्ष्मीबाई : अर्ध्या वाटेवरलं पोचणं पोचणं नसते. वाटेतल्या नेरडीगोंड्याले गाडी थांबली मंजे हैदराबाद आलं काय?

चंपतराव : तुह्यासंग बोलणं मंजे भिंतीवर डोकं आपटणं.

लक्ष्मीबाई : बरं, एक दिवस लागते. मुंबईहून परवा रात्री उडालं. मंग काल रात्री पोचाले पायजे होती. फोन काऊन नाई आला?

चंपतराव : आपल्या रात्री तिथं दिवस असते.

लक्ष्मीबाई : असन. पण घंटे तं तेवढेच भरते ना?

चंपतराव : लाइन लागत नसन. मोतीरामच्या दुकानात एक फोन, त्याले सारं इचोडा गाव लोंबकळते. सकाळपासून चार डाव जाऊन आलो.

लक्ष्मीबाई : चार डाव? तुमी तं बिडी आणाले चाललो म्हणले होते.

चंपतराव : बिडीबी आणली.

मोतीराम : (दारातूनच) काका, जावईबापूचा फोन आलता. रातीपासून लावून राह्यले होते म्हणे. ताई पोचली, झोपली हाय.

लक्ष्मीबाई : जेवली का रे?

मोतीराम : इचारणार तं लाइन कटली, काकू.

चंपतराव : बस, चहा घे.

मोतीराम : दुकान उघडं टाकून आलो. येतो.

लक्ष्मीबाई : पोचली बाई एकदाची. व्हा बाजूले, पाय वर घ्या. तुमची कटकट मिटवीन.

चंपतराव : झाड. ओसरी झाड, अंगण झाड.

लक्ष्मीबाई : हे पाहा, खांबापाशी शेंगांचे टरफलं. निघाच्या रात्री खात बसली होती. ताटात टाक म्हणलं, तं ऐकन तवा.

चंपतराव : ते राहू दे.

लक्ष्मीबाई : आता? तीन दिवस माह्या मागं लागले होते.

चंपतराव : पोचली ना पोरगी. मंग घाई काय हाय. तेवढा कोपरा उद्या झाड.