चाकाखालचं लिंबू

सोलापुरातल्या प्रदर्शनात पर्यावरणस्नेही मोटार बघायला रांग लागली होती. वैजयंतीबाई बुकिंगचा अर्ज भरूनच आल्या होत्या. त्यांच्या पुढं माढ्याचं एक जोडपं होतं. बाईनं मोटारीला हळदीकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. नवरा टायवाल्या साहेबाकडं वळला.

“साहेब, जरा पुढं घ्या की. लिंबू फुटू द्या.”

“काका, ही चालत नाही.”

“लांब न्हाय म्हणत. इतभर घ्या.”

“ही कन्सेप्ट कार आहे. आत मोटर बसायचीय अजून.”

“आन् धूर?”

“अजिबात नाही. धूर नाही, आवाज नाही, पेट्रोल नाही.”

“मग हितवर आली कशी?”

“ट्रकमधून.”

“अवो, आपल्या गोठ्यामागं असलाच ट्रॅक्टर हाय की. दोन वर्सं झाली, ना धूर, ना आवाज.”

“व्हय वच्छला. आन् आपण त्याला भंगारात काडाय निगालो हुतो.”

“ते लिंबू उचला. सरबताला हुईल.”

टायवाला साहेब पुढच्या माणसाकडं वळला. “या मॅडम, अर्ज आणलाय?”

वैजयंतीबाईंनी अर्जाची घडी घातली आणि त्या घडीनंच वारा घेऊ लागल्या.

“नाही. नुसतं बघायला आले होते.”