रेडिएटरपुढचा पुठ्ठा

घाटाच्या पायथ्याशी बंद फाटकापुढे ट्रकांची रांग खोळंबली होती. चहाच्या टपरीत शेगडीवर हात शेकत बसलेल्या ड्रायव्हरच्या कानावर मागच्या बाकावरचं बोलणं येत होतं.

"वहिनी, फाटक उघडलं. चला, काढा गाडी."

"इंजिन चालूच आहे, भावजी. पण गिअरबॉक्सचं ऑइल गारठलंय. तापमानाचा काटा वर आल्याशिवाय मी गाडी हलवायची नाही."

"मागचे शिव्या घालतील!"

"घालू देत. थंड ऑइल मधासारखं घट्ट असतं, त्यावर चढाचा भार कसा टाकायचा?"

"मग आणखी एक पुठ्ठा लावू रेडिएटरपुढे. लवकर तापेल."

"आहे तोसुद्धा चढाआधी काढायचाय."

"एवढ्या थंडीत? दादा तर अख्खा हिवाळाभर पुठ्ठा काढायचा नाही."

"म्हणूनच ह्यांनी भर घाटात गिअरबॉक्स जाळला. त्याचं ऑइलही रेडिएटरमधूनच गार होतं. ऐंशी-नव्वद डिग्री झाली की बास. पुढे त्याला वारा मिळायलाच हवा."

"तुम्ही सांगितलं नव्हतंत?"

"सांगितलं ना! म्हणाले, तू घर बघ. आता ते घर बघतात, मी घाट बघते."

"आणि पुठ्ठा काढायला विसरलो तर?"

"तुम्हाला सोबत कशाला आणलंय? उठा, काटा वर आला का बघू."

शेगडीजवळचा ड्रायव्हरही चहा अर्धा टाकून उठला. त्याच्या रेडिएटरपुढे दोन पुठ्ठे होते.