मुक्ताबाईची माशी

बद्रुद्दीन : मास्तर, तुमची नवी माशी जुनीच निघाली.

अंबाजी मास्तर : असं काही झालेलं नाही. मी आज लोणावळ्याला आलोच नाही. कार्ल्यात घरी बसून भात जेवतोय.

बद्रुद्दीन : मग माझ्या स्टुडिओत टोपी घालून कोन हुबं हाय?

मास्तर : असेल कुणीतरी. दोन्ही फोटो पुन्हा शेजारी ठेव.

बद्रुद्दीन : ठिवले. ह्यो गेल्या सालचा, ह्यो आजचा.

मास्तर : पंखावरच्या शिरा?

बद्रुद्दीन : सारख्या. तिसरी शीर वाकडी, दोन्हीतबी.

मास्तर : पाठीवरचा ठिपका?

बद्रुद्दीन : त्योबी हाय.

मास्तर : आणि तोंडावरचे ताठ केस?

बद्रुद्दीन : आजच्या माशीला हायेत. गेल्या सालच्या माशीचे म्या काढले.

मास्तर : काढले म्हणजे?

बद्रुद्दीन : रिटच! फोटोच्या काचेवर, निगेटिव्हवर, पेन्सिल फिरवली. लग्नाच्या पोरींचे फोटो येत्यात हितं. ओठावर लव दिसली तर स्थळ मोडतंय. आज तुमी घाई केली, हात फिरवायला येळच दिला न्हाई.

मास्तर : अरे, ती माशी होती!

बद्रुद्दीन : बाईमाणूस हाय असं तुमीच म्हनलात.

मास्तर : मादी म्हणालो!

बद्रुद्दीन : मग?

मास्तर : मग काय? बिनकेसांच्या तोंडाची माशी जगात दुसरी नाही, असं मी पुण्याच्या कीटक मंडळात उभं राहून सांगितलं. विद्वानांनी टाळ्या वाजवल्या.

बद्रुद्दीन : त्येंनी माशी न्हाई मागितली?

मास्तर : माशी मुंग्यांनी नेली होती. पुरावा तुझा फोटो. आणि खरं सांगू? त्या फोटोत भिंगातून तिच्या गालावर पेन्सिलीच्या बारीक रेघोट्या दिसल्या होत्या मला. मी भिंग पुसलं आणि ठेवून दिलं.

बद्रुद्दीन : का वो?

मास्तर : नाव ठरलं होतं.

(मुक्ताबाई पिशवी घेऊन आत येतात.)

मुक्ताबाई : झालं का न्हाई अजून? बद्रुद्दीनभाऊ, माझ्या माशीची एक मोठी प्रत काढा, चौकटीत बसवून. वराळ्याला माहेरी टांगायचीय.

बद्रुद्दीन : व्हय वैनी. ह्यातली कोनती?

मुक्ताबाई : ही न्हवं बाई, मिशाळ! ही कोन हो?

मास्तर : ही... दुसरी.

मुक्ताबाई : तरीच. माझी कशी सोज्वळ हाय. भाऊ, सांगते तुमाला, लगीन झाल्यापास्नं ह्येंनी मला नावानं हाक मारली न्हाई. माशीला मारली, पर मारली. येते, टांगा थांबलाय.

बद्रुद्दीन : ...मास्तर, बसा जरा. पानी देऊ?

मास्तर : कागद घे. लिही. 'मेहेरबान कीटक मंडळ, पुणे, यांस. सदर माशी नवीन नसल्याचे निष्पन्न झाल्याने ती रद्द करण्यात यावी.'

बद्रुद्दीन : आन् वैनी?

मास्तर : पुढं लिही. 'तथापि सौ. मुक्ताबाई हयात असेपर्यंत ती कार्ले हद्दीत आढळत असल्याचे मानण्यात यावे, ही नम्र विनंती.'